बुधवारी माझा घसा दुखत होता

माझा आकडा घरात सगळ्यांत मोठा आला होता. नणंदेने रिपोर्ट हातात घेऊन तो मोठ्याने वाचला तेव्हा खरं सांगते, मला बरं वाटलं. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच कुणी माझा आकडा चारचौघांत वाचून दाखवत होतं. मग तिने सासूबाईंचा रिपोर्ट उघडला आणि घरातलं वातावरणच पालटलं.

कोरोनातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी बरंच वाचलंय. त्यात श्वास असतो, ऑक्सिजन असतो, घरी परतल्यावर झालेली ओवाळणी असते. माझ्या लिहिण्यातही ते थोडं येईल. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं, म्हणजे बरं झाल्यावर रक्तात ज्या अँटिबॉडी राहतात त्यांच्या आकड्याला आम्ही काय काय विचारत बसलो, आणि त्यापायी एका म्हातारीचा जीव कसा जाता जाता राहिला, ते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण त्यात माझी बाजू काही फारशी चांगली नाही.

आम्ही

मी वनिता. माहेर कोपरखैरण्याचं, वडील साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटात माथाडी झालेले. सासर तळवली गावातलं, अस्सल आगरी. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी घरात ‘घाटावरची’ होते. सासूबाईंना सगळे ‘आय’ म्हणतात, म्हणून मीही आयच म्हणते. आय धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवले गायचे असतात, ते गाणारी ही बाई. भटजी उशिरा आला तर लोक चिडतात, धवलारीण आली नाही तर मांडवाचं काम पुढे सरकत नाही. माझ्या लग्नात माझ्याच सासूने धवले गायले होते, आणि गाताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांना दहा वर्षांपासून आमवात आहे. बोटं वाकडी झालीत. त्यासाठी रोज एक स्टिरॉइडची छोटी गोळी आणि आठवड्यातून एकदा पिवळ्या गोळ्या. सासरे, बाबा, तब्येतीने ठणठणीत. नवरा प्रशांत टेम्पोतून वाशीच्या मार्केटचा भाजीपाला सोसायट्यांना पुरवतो. मी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये. दुसऱ्या लाटेत आम्हाला आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला बोलावत होते. मुलीला आम्ही माझ्या माहेरी ठेवलं होतं.

बुधवार ते रविवार

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा घसा खवखवत होता. एसीचं असेल असं मीच मला सांगितलं. न्हाणीघरात जाऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि मग बाबांना चहा दिला. रोज तोच चहा मी द्यायची. कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर मला खोलीत बसवलं असतं, ऑफिसात कळवावं लागलं असतं, स्वॅब द्यायला लाईन लावावी लागली असती. हे सगळं डोक्यात आलं होतं. विसरले असते तर गोष्ट वेगळी.

शुक्रवारी घणसोलीला एका ओळखीच्या घरी हळद होती. पंचवीस माणसांची परवानगी, पण धवलारीण त्या पंचविसात येतेच. आय गेल्या, गाऊन आल्या.

रविवारी मला ताप भरला. सोमवारी आयना भरला, दोन दिवसांत उतरला. त्या एवढंच म्हणत राहिल्या, “सुका बोंबील भाजला तरी वास नाय गो येत मना.” त्यांची तपासणी झालीच नाही, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष बाबांकडे गेलं होतं. बुधवारी बाबांना ताप आला आणि शुक्रवारी त्यांचा ऑक्सिजन खाली घसरला. माझा त्याआधीच घसरला होता.

बाबांना एका हॉस्पिटलात बेड मिळाला, मला वाशीच्या कोविड सेंटरात. प्रशांतने एका दिवसात दोन टोकांना दोन माणसं सोडली. माझ्या वेळी तो गेटपाशी उभा राहून हात हलवत होता, आणि मी ओरडून त्याला सांगत होते की कुकरची शिटी ढिली झालीय, आय एकट्या लावतील तर भाजतील. माणूस घाबरला की काय बोलेल त्याचा नेम नाही.

तिथले दिवस

सकाळी सहाला चहा. मग तापमान, बोटाला चिमटा, नाश्ता. “पालथं झोपा, मावशी, पालथं.” मी चव्वेचाळीसचीही नव्हते आणि सगळ्यांची मावशी झाले होते. सिस्टर पांढऱ्या पोशाखात नखशिखांत झाकलेल्या, पाठीवर मार्करने नाव लिहिलेलं, म्हणून आम्हाला त्या पाठीवरूनच ओळखता यायच्या. त्यातल्या एकीने तिसऱ्या दिवशी माझे केस सोडवून वेणी घातली. दोन दोन हातमोजे घालून तिने ती कशी घातली कोण जाणे. तिच्या हाताचा तो दाब मला अजून आठवतो आणि रडू येतं.

शेजारच्या बेडवरची बाई एका सकाळी नव्हती. चादर नवी होती. कुणीच काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

भीती मला श्वासाची वाटायचीच, पण त्याहून जास्त बुधवारची वाटायची. मास्क लावून पडलं की डोकं मोकळं असतं. मी दिवस मोजत बसायचे. बुधवारी घसा. बुधवारी चहा. गुरुवारी पुन्हा चहा. बाबांना ताप पुढच्या बुधवारी.

माझ्या सातव्या दिवशी प्रशांतचा फोन आला. बाबा आदल्या दिवशी गेले होते. तो म्हणाला, “तुला काल सांगितलं नाय, तुझा ऑक्सिजन खाली जाईल म्हणून.” आणि मग, “आयला पण बघू नाय दिला.” मी फोन छातीवर ठेवला. पलीकडून तो ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला.

घरचा निकाल

मी बाराव्या दिवशी घरी आले. ओवाळणी नव्हती. आय ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी फक्त पाणी आणून ठेवलं.

रंजनाताई, म्हणजे माझी नणंद, रबाळ्याहून येऊन राहिली होती. वडील गेल्याचं दुःख तिला कुठेतरी ठेवायला जागा हवी होती. ती तिला लगेच सापडली. “हलदीला जायाचा काय नडला व्हता तुना? गावान माणसा मरताव आनी ही गायाला जातंय!” आपल्या आईला ती असं बोलायची. आय मान खाली घालून लसूण सोलत राहायच्या. वाकड्या बोटांनी एक पाकळी सोलायला त्यांना वेळ लागतो.

मी तिथेच असायचे. घसा बुधवारी दुखला, हळद शुक्रवारी झाली. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. दोन महिने मी ते बोलले नाही. अशक्तपणा आहे, नंतर बोलू, आत्ता सगळे दुखात आहेत, असं स्वतःला समजावत राहिले. बोलायचं नसलं की कारणं आपसूक सुचतात.

शिबिर

पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या मंडळाने अँटिबॉडी तपासणीचं शिबिर ठेवलं. आजारातून उठल्यावर लशीसाठी तीन महिने थांबायचं होतं आणि प्रशांतला तारीख मिळत नव्हती, म्हणून आमच्यापैकी कुणी लस घेतलेली नव्हती. तेव्हा सगळीकडे या आकड्याचंच बोलणं. ऑफिसात लोक आपापले आकडे सांगायचे, ज्याचा मोठा तो छाती काढून फिरायचा.

तीन दिवसांनी रिपोर्ट आले. रंजनाताईने वाचले. माझा तीन आकडी. प्रशांतला साधी शिंकही आली नव्हती, तरी त्याचा बऱ्यापैकी. आणि आयचा एकच्या खाली, पुढे इंग्रजीत ‘निगेटिव्ह’.

रंजनाताईने कागद पुन्हा एकदा वाचला. मग हळू आवाजात म्हणाली, “म्हंजे आयला झालाच नव्हता.” आणि तिने वर पाहिलं ते थेट माझ्याकडे. “मग घरान आनला कोनी?”

“मना झाला व्हता,” आय म्हणाल्या. “बोंबलाचा वास गेलता माजा.”

“गप बस आय. कागद काय खोटा बोलतंय?”

प्रशांतकडे कुणी पाहिलं नाही. रोज पहाटे तो मार्केटात हजार माणसांत फिरत होता, त्याच्या रक्तात अँटिबॉडी होत्या, आणि तरी दोषी होण्याची पाळी फक्त आम्हा दोघी बायकांची होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला फक्त आपला गळा सोडवायचा होता.

मी काय केलं

दुसऱ्या दिवशी मी आयच्या संधिवाताच्या डॉक्टरांना फोन केला. वाशीला त्यांचा दवाखाना आहे, बोलायला सरळ बाई. त्यांनी वेळ काढून मला समजावलं आणि मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आजार जितका जोरात झाला तितक्या अँटिबॉडी बहुतेक वेळा जास्त दिसतात, म्हणून माझा आकडा मोठा. हलका ताप येऊन गेलेल्यांत त्या कमी दिसू शकतात, कधी दिसतच नाहीत. वयानेही फरक पडतो. आय घेतात तशा गोळ्या शरीराची प्रतिकाराची धार कमी करतात, कारण संधिवातात ती धार स्वतःच्याच सांध्यांवर चाललेली असते. शिवाय आजारानंतर किती दिवसांनी रक्त घेतलं आणि कोणत्या पद्धतीने तपासलं, यावरही आकडा हलतो. “म्हणून त्यांना झालाच नव्हता असं या रिपोर्टवरून म्हणता येत नाही,” त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, “आणि कुणाला आधी झाला, कुणी कुणाला दिला, हे तर मुळीच कळत नाही. त्यासाठी हा आकडा वापरू नका.”

घरी मी पहिला भाग सांगितला. दुसरा गाळला.

भाकऱ्या थापता थापता, अगदी सहज असल्यासारखं, मी म्हटलं, “डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांमुळे आयच्या अँटिबॉडी दिसत नसतील. आयना झालेला असूच शकतो.” ऐकणाऱ्याला वाटावं, सून सासूची बाजू घेतेय. रंजनाताई पुन्हा आपल्या आईकडे पाहायला लागली आणि मी सुटले. विज्ञानाचा आधार घेऊन मी एका म्हातारीला पुन्हा तिच्या जागी नेऊन बसवलं.

थोड्या वेळाने रंजनाताई बाहेर गेल्यावर आयनी विचारलं, “गोली बंद केली त मंग आकडा दिसंल काय?”

“हां, तसंच काहीतरी,” मी म्हटलं. तव्यावरची भाकरी उलटायची होती. मी वळूनही पाहिलं नाही.

पिशवी

पुढच्या तीन आठवड्यांत आयची बोटं सुजली. मूठ वळेना. सकाळी उठून बसायला अर्धा तास लागायचा. आम्हाला वाटलं, पावसाळी हवा आहे, आणि बाबांचं दुःख. “गोळ्या घेता ना?” असं मी दोनदा विचारलं. “घेतंय गो,” त्या म्हणाल्या.

एका दुपारी मागच्या दारात त्यांना उलटी झाली आणि त्या तिथेच खाली बसल्या. हाक मारली तर डोळे उघडायच्या आणि मिटायच्या. अंग गार पडलं होतं. प्रशांतने टेम्पोच काढला, भाजीचे क्रेट रस्त्यावर ठेवून. मी आधार कार्ड शोधायला त्यांच्या कपाटात हात घातला. त्यांची हळदीला न्यायची कापडी पिशवी खाली पडली. आत हळदी-कुंकवाचा करंडा, पानाची चंची, आणि एका रुमालात बांधलेल्या गोळ्या. पांढऱ्या आणि पिवळ्या, तीन आठवड्यांच्या.

मी त्या मोजत बसले नाही. सगळा रुमालच घेऊन टेम्पोत चढले.

वाशीला डॉक्टरांनी रुमाल पाहिला आणि त्या भडकल्या. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टिरॉइड एका दिवसात बंद केलं की शरीर कोसळतं, रक्तदाब पडतो, माणूस दगावतो. “कुणी सांगितलं यांना बंद करायला?” त्यांनी विचारलं.

प्रशांत म्हणाला, “कुणीच नाय.”

मी गप्प राहिले. तीच माझी जुनी खोड.

बेडपाशी

दोन दिवसांनी आय उशीला टेकून बसल्या होत्या. सलाईन चालू होतं. प्रशांत खाली औषधं आणायला गेला होता. मी मोसंबी सोलत होते. मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर मी कधीच बोलणार नाही.

“आय, हळदीच्या आधी, बुधवारी, माझा घसा दुखत होता. मी सांगितलं नाही कुणाला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मला राग हवा होता.

“मना म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “गुलन्या केल्यास तू. न्हानीची भिंत काय मोठी जाड नाय.”

मी मोसंबी खाली ठेवली. “मग तुम्ही बोलला का नाही? रंजनाताई एवढं तुम्हाला...”

“काय बोलू? तुजा नाव घेऊन माजा मानूस परत येनार व्हता?” मग सलाईनच्या नळीकडे पाहत म्हणाल्या, “आनी मी तरी काय केला? घरान गुलन्या आयकल्या. मना समजला. तरी पन मी हलदीला गेलू.”

मला वाटलं त्या आजार घरात आणल्याबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, “तुम्ही काही आणलं नाही, आय.”

“आनल्याचा नाय गो बोलत मी. मी नेला का, ता सांग. त्यांची म्हातारी माज्या बाजूला बसली व्हती. माज्या गल्यान गला घालून गात व्हती. पंधरा दिवसान गेली ती.”

घणसोलीच्या त्या घरातली आजी गेल्याचं मी ऐकलं होतं. त्या दिवसांत इतके लोक जात होते की एका नावावर मन थांबत नसे. आय मात्र त्या एका नावापाशी थांबल्या होत्या. आमच्या घरात आम्ही ‘आणला कुणी’ एवढंच विचारत होतो. त्या एकट्या विचारत होत्या, आपण तो बाहेर नेला का? आपल्या अंगात तो तेव्हा होता का? म्हणून त्यांना आकडा हवा होता. त्यासाठी त्या तीन आठवडे आपले सांधे सुजवत बसल्या होत्या, कारण मी भाकरी उलटता उलटता ‘हां’ म्हटलं होतं.

मी त्यांचा हात धरून रडले. बाबांसाठी मला तोवर नीट रडता आलं नव्हतं, तेही त्यात आलं. त्यांनी एवढंच म्हटलं, “सालटा टाक कचऱ्यान. बिछान्यावर पडलाव.”

नंतर

राउंडला आलेल्या डॉक्टरांना आयनी स्वतः विचारलं. आता तपासलं तर कळेल का? डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. नाही, त्या म्हणाल्या. गोळ्या बंद करून मागचं परत येत नाही. आणि आज समजा आकडा आलाच, तरी तो कधीचा, हे कोण सांगणार? त्या शुक्रवारी तुमच्या अंगात तो होता की नव्हता, हे आता कुठल्याच तपासणीत दिसणार नाही.

“म्हंजे कदीच नाय कलनार,” आय म्हणाल्या.

“नाही कळणार,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर बुधवारचं सांगितलं. डॉक्टरांचं गाळलेलं वाक्यही सांगितलं. रंजनाताई उठली, चपला घातल्या आणि रबाळ्याला गेली. ती पुढच्या दिवाळीला आमच्याकडे आली नाही. आता येते, बोलतेही, पण माझ्या हातचा चहा घेताना अजून क्षणभर थांबते. मला ते दिसतं. ती थांबते याचा मला राग येत नाही.

प्रशांत त्या दिवशी ओट्यावर जाऊन बसला. मी मागून गेले तेव्हा म्हणाला, “मी रोज मार्केटला जात व्हतो. मला कुणी विचारलाच नाय.” आणि गुडघ्यात डोकं घातलं. माझ्या आकड्याकडे पाहण्याच्या नादात मी त्याच्या आकड्यामागचा माणूस पाहिलाच नव्हता.

आय चालायला लागल्यावर आम्ही दोघी घणसोलीला गेलो. मला जायचं नव्हतं, त्यांनी नेलं. त्या घरच्या बाईला मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. ऐकून ती आत गेली आणि इतका वेळ बाहेर आली नाही की मला वाटलं, आता आम्ही निघावं. मग ती चहाचे दोन कप घेऊन आली. म्हणाली, “आयलाव, बोललाव, बरा केलाव. आता परत बोलू नका माज्यासमोर.” आम्ही चहा प्यायलो. तो खूप गोड होता.

त्यानंतर त्यांनी धवले गायचं सोडलं. लोक सुपारी घेऊन यायचे. त्या पाणी द्यायच्या आणि दुसऱ्या धवलारणीचं नाव सांगायच्या.

माझं म्हणाल तर आठ महिन्यांनी ऑफिसच्या तपासणीत माझा आकडा पुन्हा निघाला. मधे लस झाली होती, तरी तो पहिल्यापेक्षा बराच खाली आला होता. डॉक्टर म्हणाल्या, हे असंच व्हायचं, आकडा उतरतो, म्हणून सगळं संरक्षण संपलं असं नाही. मला त्या कागदाकडे पाहून विचित्र वाटलं. आणखी काही महिन्यांनी माझं रक्तही कदाचित म्हणालं असतं की या बाईला काही विशेष झालंच नव्हतं.

ज्यांच्या घरी असा कागद येईल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तो डॉक्टरांना दाखवा, घरातल्या लोकांना वाचून दाखवू नका. आणि आकड्यासाठी कुणाचीही गोळी बंद होऊ देऊ नका. आय आता गोळ्या माझ्यासमोर घेतात. त्यांना ते आवडत नाही, पण घेतात.

या आठवड्यात

गेल्या महिन्यात तळवलीतलंच एक लग्न ठरलं. मुलीची आई सुपारी घेऊन आली. आयनी तिला पाणी दिलं, नेहमीप्रमाणे दुसरं नाव सांगायला तोंड उघडलं आणि थांबल्या. मग सुपारी घेतली. इतक्या वर्षांनी. त्या दिवसापासून घरात रोज दुपारी थोडं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. आवाज थकलाय, पण सूर तोच. कापडी पिशवी त्यांनी स्वतः धुतली. मी दोरीवर वाळत घातली.

काल हळद होती.

काल सकाळी मी उठले तेव्हा घसा खवखवत होता. ताप नाही, काही नाही. हवा बदललीय, निम्म्या ऑफिसला सर्दी आहे. आता कोरोनाचं कुणी नावही घेत नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि माझ्या मनात तीच सगळी कारणं एकामागून एक आली, जशीच्या तशी. बाहेर आय नवी साडी हातात घेऊन बसल्या होत्या, प्रशांत त्यांना चष्मा शोधून देत होता. चार वाजता त्यांना न्यायला माणूस येणार होता.

मी दारात येऊन म्हटलं, “आय, माझा घसा दुखतोय. सकाळपासून.”

त्यांनी साडी मांडीवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, साधी सर्दी असंल. मलाही तसंच वाटत होतं. मग त्यांनी प्रशांतला फोन लावून द्यायला सांगितला आणि कानाला धरला. पलीकडे मुलीची आई होती, मागे मांडवातला गोंगाट ऐकू येत होता.

“मी नाय येत गो,” आय म्हणाल्या. “आमच्या घरान घसा दुखतंय.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आयनी साडीची घडी हाताने दाबली.

“कोनाचा, ता इचारू नको,” त्या म्हणाल्या.